काच नंतर, स्क्रू आधी: हंटिंग रायफलवर स्कोप घेताना आणि बसवताना

ऑक्टोबर संपत आला की ओळखीतल्या दोन-चार जणांचे मेसेज ठरलेले, "अरे कुठला स्कोप घेऊ?" आणि सोबत कुठल्यातरी सेलची लिंक. (स्कोप म्हणजे रायफलवर बसवायची नेमाची दुर्बीण.) लिंकमध्ये ६-२४ बाय ५० असलं काहीतरी अगडबंब प्रकरण, किंमत शंभर-सव्वाशे डॉलर, आणि खाली लिहिलेलं की रिंगा, म्हणजे स्कोप रायफलवर धरून ठेवणारी कडी, फुकट. मग मी फोन करतो आणि तासभर तेच तेच बोलतो. म्हटलं यंदा एकदाचं लिहूनच टाकावं, म्हणजे पुढच्या वेळी मीच लिंक पाठवेन.

आधी जागेबद्दल, कारण जागा कळल्याशिवाय स्कोपचं काही ठरत नाही. मी राहतो पिट्सबर्गच्या बाजूला आणि आमची हरणांची शिकार म्हणजे वर उत्तरेला, ऍलेगेनी नॅशनल फॉरेस्टमध्ये. वॉरन, मॅकीन, फॉरेस्ट आणि एल्क अशा चार काउंट्यांत पसरलेलं पाच लाख एकरांच्या वर जंगल आहे ते. भारतातले नातेवाईक "शिकार" शब्द ऐकला की दचकतात, साहजिक आहे, तिकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर हा विषयच संपला. कोकणात अजून काही घरांत शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक असते पण तिला स्कोप कुठला. इकडे मात्र हे सगळं सरकारी खात्यातर्फे चालतं, पेनसिल्व्हेनिया गेम कमिशन लायसन्स देतं, टॅग (मारलेल्या हरणाला लावायची चिठ्ठी) देतं, कोर्स करायला लावतं. रायफलचा सीझन थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी उघडतो (२०१९ च्या आधी वर्षानुवर्षं सोमवारी उघडायचा, म्हातारी मंडळी अजून त्यावरून कुरकुरतात). अजून एक, तुम्ही एच-वन व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक बाळगायला मुळात मनाई आहे आणि व्हॅलिड हंटिंग लायसन्स हा त्यातला अपवाद आहे, तेव्हा रायफल विकत घ्यायच्या आधी वकिलाशी बोला, व्हॉट्सऍप ग्रुपवर विचारू नका.

तर जंगल. हेमलॉक, ब्लॅक चेरी, बीच, आणि खाली माउंटन लॉरेलची अशी दाट झुडपं की माणूस कमरेपर्यंत गायब होतो. इथे हरीण दिसतं ते पन्नास-साठ यार्डांवर, कधी तीसवर, पॉवरलाइनसाठी झाडं तोडलेला पट्टा किंवा जुना क्लिअरकट (सगळी झाडं तोडून मोकळी केलेली जागा) मिळाला तर शंभर-दीडशे. वायोमिंग किंवा माँटानाच्या उघड्या माळरानावरचे व्हिडिओ बघून लोक स्कोप घेतात आणि तो घेऊन या झाडीत येतात, सगळा घोळ तिथून सुरू होतो.

आकडे कसे वाचायचे ते सांगतो. ३-९ बाय ४० म्हणजे मोठेपणा तीन पटींपासून नऊ पटींपर्यंत फिरवता येतो आणि पुढची काच ४० मिलिमीटरची. आता पट वाढवली की समोरचं दृश्य आकसतं. साधारण ३-९ चा स्कोप तीनवर ठेवला तर शंभर यार्डांवर तीस-तेहेतीस फूट रुंदी दिसते, नऊवर नेला की तीच तेरा-चौदा फुटांवर येते. हे शंभरला. हरीण तीस यार्डांवर असेल आणि स्कोप नऊवर राहिला असेल तर हिशोब करा, चार फूट. म्हणजे तुम्ही रायफल खांद्याला लावता आणि समोर फक्त तपकिरी केस. तो खांदा आहे की मांडी की मधलं झाड, काही कळत नाही, आणि ते शोधेपर्यंत शेपटीचा पांढरा झेंडा वर करून हरीण पसार. ६-२४ वाला स्कोप तर सर्वात खालीच सहापासून सुरू होतो! त्याला या जंगलात कमी करायला जागाच नाही. म्हणून माझं सरळ मत, खालचा आकडा बघा, वरचा नाही. खाली दोन किंवा तीन, फार तर. २-७ बाय ३३ किंवा ३५ मध्ये मिळणारे स्कोप इथल्यासाठी मला सगळ्यात शहाणे वाटतात, ३-९ बाय ४० सुद्धा उत्तम, आणि त्याचा फायदा म्हणजे तो सगळ्याच कंपन्या बनवतात त्यामुळे पैशाच्या मानाने काच चांगली मिळते. आमच्या शेजारचे एक आजोबा, स्टील मिलमधून रिटायर झालेले, थर्टी-थर्टी काडतुसाच्या लिव्हर ऍक्शन रायफलवर (खालची दांडी ओढून काडतूस भरायची ती) चार पटींचा फिक्स स्कोप लावून आयुष्य काढलंय त्यांनी, फिरवायला काही नाहीच, आणि त्यांचा फ्रीझर दरवर्षी भरलेला.

यावर लगेच प्रश्न येतो की मग शिंगं कशी मोजायची. प्रश्न बरोबर आहे, कारण २००२ पासून इथे शिंगांचा नियम आहे, बहुतेक भागात नराच्या एका बाजूच्या शिंगाला किमान तीन टोकं हवीत, नाहीतर सोडायचा. पण टोकं मोजायला गळ्यात बायनॉक्युलर असतो हो! स्कोपमधून बघणं म्हणजे भरलेली रायफल त्या दिशेला रोखणं. झुडपात हललेली गोष्ट माणूस निघाली तर? इथे २५० चौरस इंच नारिंगी कपडा डोकं, छाती आणि पाठ मिळून घालायचा नियम आहेच, पण झुडपामागे तो दिसेलच असं नाही. स्कोपने टेहळणी करणाऱ्याबरोबर मी जात नाही, मित्र असला तरी.

उजेडाचं गणित मात्र लोक फार कमी बघतात आणि तिथेच खरी मजा आहे. शिकारीची वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत, आणि हरणं नेमकी त्याच संधिप्रकाशात हलतात. स्कोपमधून डोळ्याकडे जो प्रकाशाचा गोल येतो त्याचा व्यास म्हणजे पुढच्या काचेचा आकडा भागिले पट. ४० भागिले ९ म्हणजे साडेचार मिलिमीटरच्या आत. तोच स्कोप पाचवर आणला तर ८. तरुण माणसाची बाहुली अंधारात सातेक मिलिमीटर उघडते, आमच्यासारख्या चाळिशी ओलांडलेल्यांची पाच-सहा झाली तरी खूप. म्हणजे संध्याकाळी अंधुक दिसायला लागलं की पट कमी करा, दृश्य उजळतं. त्यासाठी ५० किंवा ५६ ची पुढची काच घ्यायची गरज नाही. उलट ती मोठी काच बॅरलला लागू नये म्हणून रिंगा उंच घ्याव्या लागतात, रिंगा उंच झाल्या की गाल दस्त्यावरून उचलावा लागतो, गाल उचलला की मान अधांतरी आणि रायफल दरवेळी वेगळी खांद्याला लागते. पन्नासची काच घेऊन तुम्ही उजेड विकत घेताय असं वाटतं आणि खरं तर मानदुखी घेताय.

चष्मेवाल्यांसाठी (म्हणजे आपल्यापैकी निम्म्यांसाठी) सगळ्यात महत्त्वाचा आकडा आय रिलीफ. मागच्या काचेपासून किती अंतरावर डोळा ठेवला की पूर्ण चित्र दिसतं ते अंतर. हंटिंग स्कोपला साधारण साडेतीन ते चार इंच असतं, पट वाढवली की बऱ्याच स्कोपमध्ये थोडं कमी होतं. थर्टी-ओ-सिक्ससारखी रायफल धक्का देते तेव्हा स्कोप मागे येतो, आणि डोळा जवळ असेल तर भुवईवर अर्धचंद्राची जखम. चष्मा असेल तर तो चष्म्यावर. त्यामुळे साडेतीनच्या खालचा स्कोप चष्मेवाल्याने दुकानातच ठेवून यावा, काच कितीही सुंदर असली तरी.

बाकीचं पटकन उरकतो. क्रॉसहेअर, म्हणजे स्कोपच्या आतली नेमाची फुली, साधा घ्या, ड्युप्लेक्स, म्हणजे बाहेरून जाड आणि मध्ये बारीक, अंधुक उजेडात जाड दांड्या दिसतात आणि नजर आपोआप मध्ये जाते. ख्रिसमस ट्रीसारखे ठिपके-रेघा असलेले क्रॉसहेअर शंभर यार्डांच्या जंगलात अडचण करतात. फर्स्ट फोकल प्लेन, म्हणजे पटीबरोबर क्रॉसहेअरही लहानमोठा होतो तो प्रकार लांबच्या नेमबाजीचा, कमी पटीवर त्याचा क्रॉसहेअर इतका बारीक होतो की झाडीत हरवतो, आपल्याला सेकंड फोकल, म्हणजे क्रॉसहेअर तेवढाच राहतो तो, बरा. पॅरॅलॅक्सची (डोळा जरा हलला की क्रॉसहेअर निशाणावरून सरकल्यासारखा दिसतो त्याची) वेगळी चकती नको, बहुतेक हंटिंग स्कोप कारखान्यातूनच शंभर किंवा दीडशे यार्डांना लावलेले असतात. फक्त पॉइंट टू-टू या छोट्या काडतुसासाठी बनवलेला रिमफायर स्कोप मोठ्या रायफलवर चढवू नका, तो पन्नास-साठ यार्डांना लावलेला असतो आणि धक्क्यासाठी बनवलेलाही नसतो. नळीचा व्यास एक इंच असो की ३० मिलिमीटर, उजेडात त्याने काही फरक पडत नाही, फक्त रिंगा त्याच मापाच्या हव्यात. आतलं धुकं ही एकेकाळी मोठी डोकेदुखी होती. ल्युपोल्ड कंपनीने १९४७ मध्ये आपला पहिला स्कोप काढला, आणि त्याच्यामागची कथा अशी सांगतात की मालकाच्या स्कोपमध्ये ऐन वेळी वाफ धरली आणि हरीण गेलं. आता अडीचशे-तीनशे डॉलरच्या कुठल्याही बऱ्या स्कोपमध्ये वाफ धरू नये म्हणून आत नायट्रोजन किंवा आर्गॉन भरलेला असतोच. ल्युपोल्डचा व्हीएक्स-फ्रीडम, व्हॉर्टेक्सचा डायमंडबॅक, बरिसचा फुलफील्ड, या तिन्हींपैकी काहीही घ्या, आपल्याला पुरून उरतं. हजार डॉलरची काच घेतलीत तर दहा मिनिटं जास्त उजेड मिळेल, पण तोपर्यंत बहुधा कायद्याची वेळ संपलेली असते.

आता खरा मुद्दा. चारशे डॉलर बजेट असेल तर लोक तीनशे नव्वदचा स्कोप घेतात आणि दहा डॉलरच्या रिंगा. मी म्हणतो अडीचशेचा स्कोप घ्या, ऐंशीच्या आसपास बेस (रायफलवर स्क्रूने बसणारी पट्टी, तिच्यावर रिंगा बसतात) आणि रिंगांना, आणि उरलेल्यात टॉर्क ड्रायव्हर, म्हणजे ठरलेल्या जोरानेच स्क्रू आवळणारा. "स्कोप झिरो धरत नाही", म्हणजे लावलेला नेम टिकत नाही, ही तक्रार जितक्या वेळा ऐकली त्यातल्या बहुतेक वेळा दोष स्कोपखाली निघाला. एका मित्राचा किस्सा सांगतो, त्याने दुकानातून स्कोप बसवून आलेलं पॅकेज घेतलं, रेंजवर पहिल्या तीन गोळ्या एकत्र, पुढच्या तीन चार इंच डावीकडे, परत उजवीकडे. काडतुसं बदलली, स्कोप कंपनीकडे पाठवला, कंपनीने तपासून परत पाठवला की काही दोष नाही. शेवटी स्कोप आणि रिंगा काढून बघितलं तर खालच्या बेसचा पुढचा स्क्रू बोटाने फिरत होता! बेसचे स्क्रू स्कोपच्या खाली लपलेले असतात, वरून कितीही ऍलन की फिरवा, त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. त्यामुळे पॅकेज रायफल घेतली असेल तर घरी आणल्यावर पहिलं काम, सगळं उघडा आणि खालून परत सुरू करा.

सुरू करताना अर्थात रायफल रिकामी. मॅगझिन बाहेर, बोल्ट (काडतूस आत ढकलणारा दांडा) बाहेर, चेंबरमध्ये डोळ्याने बघायचं आणि बोटानेही, आणि काडतुसांचा डबा दुसऱ्या खोलीत. डायनिंग टेबलवर करत असाल तर खाली जुनी चादर टाका, गन ऑइलचे डाग निघत नाहीत आणि नंतर जे ऐकावं लागतं ते वेगळं.

बेस रायफलच्या मॉडेलप्रमाणे मिळतो, "चालेल" म्हणून दुसऱ्याचा घेऊ नका. रेमिंग्टन ७०० चंच बघा, तिच्या ऍक्शनची (बोल्ट ज्यात पुढेमागे होतो त्या धातूच्या भागाची) मागची बाजू पुढच्यापेक्षा खाली आहे, त्यामुळे दोन तुकड्यांचा बेस असेल तर पुढचा आणि मागचा वेगळ्या उंचीचे असतात आणि अदलाबदल झाली की स्कोप आकाशाकडे बघतो. टिका कंपनीच्या रायफलच्या ऍक्शनवर वरती कोरलेली खाचच असते, तिला थेट धरणाऱ्या रिंगा मिळतात, बेसची भानगडच नाही. रेल, म्हणजे आडव्या खाचांचा बेस, दोन प्रकारचे, वीव्हर आणि पिकॅटिनी. वीव्हर हे बिल वीव्हरच्या नावावरून, त्याने १९३० मध्ये सामान्य माणसाला परवडेल असा मॉडेल ३३० स्कोप काढला आणि शिकाऱ्यांच्या रायफलवर स्कोप दिसायला लागले ते तिथून. पिकॅटिनी हे न्यू जर्सीतल्या लष्कराच्या आर्सेनलवरून, स्टँडर्ड १९९५ चं. (पार्सिपनीतल्या मराठी मंडळींना सांगितलं की ते तुमच्याच मॉरिस काउंटीत आहे तर विश्वास बसत नाही.) फरक इतकाच की पिकॅटिनीची खाच रुंद आणि ठरलेल्या अंतरावर, वीव्हरची अरुंद. वीव्हरच्या रिंगा पिकॅटिनी रेलवर बहुधा बसतात, उलटं होईलच असं नाही.

स्क्रू आणि भोकं दोन्ही आधी तेलमुक्त करायची, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानातल्या काड्या बास. नव्या रायफलच्या भोकांत कारखान्याचं तेल असतं आणि तेल लागलेला स्क्रू त्याच टॉर्कला प्रमाणाबाहेर ताणला जातो, शिवाय थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचा द्रव, लॉकटाइट वगैरे) त्यावर धरत नाही. पुढच्या भोकात लांब स्क्रू गेला तर तो बॅरलच्या आट्यांवर टेकतो, तुम्हाला वाटतं घट्ट झाला आणि बेस मात्र सैलच. पुलाच्या, म्हणजे काडतूस आत जातं त्या तोंडाच्या मागच्या भागाच्या भोकात लांब गेला तर बोल्ट अडकतो. त्यामुळे स्क्रू लावल्यावर बोल्ट घालून एकदा पुढेमागे करून बघायचं. बेसच्या स्क्रूंना निळं लॉकटाइट एक थेंब, लाल कधीच नाही, लाल काढायला उष्णता द्यावी लागते. बेसचा टॉर्क साधारण वीस इंच-पाउंडांच्या आसपास असतो, पण बेसच्या पाकिटावर जो आकडा छापलाय तोच खरा, माझा नाही. ऍल्युमिनियम आणि स्टीलचा आकडा वेगळा असतो.

मग रिंगांचा खालचा भाग रेलवर. इथे एक छोटी युक्ती, क्रॉसबोल्ट आवळण्याआधी रिंग बोटाने पुढे, नळीच्या तोंडाच्या दिशेला, खाचेत दाबून धरायची आणि मग आवळायची. धक्क्याने रायफल मागे येते आणि स्कोपला जागेवरच राहायचं असतं, म्हणजे रायफलच्या हिशोबाने तो पुढे सरकू बघतो, आधीच पुढे टेकलेला असेल तर सरकायला वाव नाही. उंची म्हणाल तर जितकी कमी तितकी चांगली, फक्त पुढची काच बॅरलला लागू नये, एखादा जाड कागद सहज सरकला पाहिजे, आणि मागे बोल्टची दांडी पूर्ण वर करून बघायची की आयपीसला, म्हणजे स्कोपच्या डोळ्याकडच्या टोकाला, आपटत नाही. रेमिंग्टनची दांडी ९० अंश उचलते त्यामुळे जाड आयपीसवाला स्कोप तिथे अडतो, टिका किंवा रुगर अमेरिकनची ७० अंशांतच काम संपवते. आणि पट बदलायची चकती दांडीच्या वर नको, थंडीत जाड हातमोज्यांनी फिरवायची असते ती.

आता स्कोप ठेवा, रिंगांच्या वरच्या टोप्या हलक्या हाताने लावा, स्कोप पुढेमागे सरकला पाहिजे इतपतच. आणि उठून कपाटातून सीझनचं जॅकेट काढा. हो, घरात. आतला थर, वरचा जाड कोट, नारिंगी व्हेस्ट, सगळं अंगावर. नोव्हेंबरअखेर तिकडे पारा शून्याच्या खाली पाच-दहा असतो आणि त्या कपड्यांची जाडी दस्ता खांद्यापासून इंचभर पुढे ढकलते. सप्टेंबरमध्ये टीशर्टवर बसवलेला स्कोप डिसेंबरात लांब जातो आणि कडेने काळी सावली दिसायला लागते. तर कोट घालून, पट सर्वात जास्त ठेवून (कारण तेव्हा डोळ्याची जागा सर्वात चिंचोळी असते), डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची, गाल नेहमीच्या जागी टेकवायचा आणि मग डोळे उघडायचे. पूर्ण गोल दिसला तर बरोबर. सावली दिसली तर स्कोप किंचित सरकवा, परत मिटा, परत उघडा. डोळे उघडे ठेवून केलंत तर मान स्वतःच जुळवून घेते आणि तुम्हाला वाटतं जमलं. हे बसून आणि उभं राहून, दोन्ही करा. मी तर ट्री स्टँडमध्ये (झाडावरच्या मचाणात) बसतात तसं खुर्चीत कडेला वळूनही बघतो, घरचे हसतात ते हसू देत. चष्मा शिकारीत घालणार असाल तोच घाला, कॉम्प्युटरचा नको.

याच वेळी आयपीसचा फोकस. उजेडाच्या भिंतीकडे किंवा आकाशाकडे, सूर्य सोडून, रायफल रोखा आणि सेकंदभर बघून डोळा बाजूला घ्या. पहिल्याच नजरेत क्रॉसहेअर काळा कुळकुळीत दिसला पाहिजे. जास्त वेळ बघत राहिलं की डोळा भरपाई करतो आणि फसवतो. एकदा लावला की तो फोकस परत हलवायचा नाही.

क्रॉसहेअर सरळ करणं हा प्रकार लोक एकतर डोळ्याने अंदाजे करतात नाहीतर त्यावर अख्खा रविवार घालवतात. मी गवंड्याचा ओळंबा वापरतो. अंगणात पलीकडच्या कुंपणाला दोरी आणि खाली वजन, वारा नसलेल्या दिवशी, रायफल सँडबॅगवर, छोटी लेव्हल ऍक्शनच्या सपाट भागावर किंवा रेलवर ठेवून रायफल सरळ, आणि मग स्कोप फिरवून उभी रेघ दोरीवर आणायची. अंगण नसेल, शेजारी पोलिसांना फोन करतील अशी वस्ती असेल तर गॅरेजचं दार बंद करून भिंतीवर करा. खरं सांगायचं तर दोन-तीन अंशांच्या तिरकेपणाने शंभर यार्डांवर काहीही बिघडत नाही, तीनशेच्या पुढे बिघडतं. पण रेघ तिरकी असली की माणूस ती सरळ दिसावी म्हणून नकळत रायफलच तिरकी धरायला लागतो, म्हणून करायचं.

टोप्यांचे स्क्रू गाडीचं चाक बसवताना नट आवळतो तसे तिरपे, आलटून-पालटून, थोडे थोडे. दोन्ही बाजूंची फट सारखी राहिली पाहिजे, एका बाजूला बंद आणि दुसऱ्या बाजूला उघडी असं नको. एक बाजू आधी आवळली की स्कोप त्या बाजूला गोल फिरतो आणि ओळंब्याची मेहनत वाया, त्यामुळे मधेमधे परत डोळा लावून बघा. आकडा १५ ते १८ इंच-पाउंड, हा फार कमी आहे, हाताला वाटतं अजून एक पीळ द्यावा, तो देऊ नका. स्कोपची नळी पातळ ऍल्युमिनियमची असते, जास्त आवळली की चेपते, आतली भिंगं धरणारी नळी अडकते, टरेट (नेम वर-खाली आणि डावी-उजवीकडे सरकवायची चकती) फिरवलं तरी नेम हलत नाही किंवा दोन गोळ्या उशिरा हलतो. टॉर्क ड्रायव्हर घ्या म्हणतो ते यासाठी. टोप्यांवर लॉकटाइट मी लावत नाही, ते ओलं असताना वंगणाचं काम करतं आणि त्याच आकड्याला पकड जास्त बसते. रिंगा घासून जुळवण्याचा, ज्याला लॅपिंग म्हणतात, तो उद्योग एका तुकड्याच्या रेलवर चांगल्या रिंगा असतील तर लागत नाही. स्वस्त रिंगांना लागतो, पण मग त्या घ्यायच्याच कशाला. सगळं झालं की पांढऱ्या पेंट मार्करने रिंग आणि स्कोपच्या सांध्यावर एक बारीक रेघ मारा, पुढे कधी शंका आली तर रेघ तुटली का बघितलं की झालं.

रेंजवर जायच्या आधी घरीच निम्मं काम होतं. बोल्ट काढलेली रायफल सँडबॅगवर ठेवून मागून नळीतून बघायचं, पंचवीस-तीस यार्डांवरची एखादी ठळक गोष्ट नळीच्या गोलात बरोबर मध्ये आणायची आणि मग रायफल न हलवता टरेट फिरवून क्रॉसहेअर त्याच गोष्टीवर. एवढ्याने पहिली गोळी कागदावर लागते. बोल्ट ऍक्शनला ही सोय आहे, लिव्हर ऍक्शनला सहसा असं सहज मागून बघता येत नाही, तिथे लेझर बोअरसाइटर (नळीची दिशा लाल ठिपक्याने दाखवणारं यंत्र) लागतो. (इथे हरणांसाठी सेमी-ऑटो रायफल चालतच नाही, त्यामुळे बहुतेकांकडे बोल्टच असते.)

गेम कमिशनच्या रेंज आहेत बऱ्याच स्टेट गेम लँड्सवर (शिकारीसाठी राखलेल्या सरकारी जमिनींवर), हंटिंग लायसन्स किंवा रेंज परमिट असलं की झालं. पण सीझन उघडायच्या आधीच्या वीकेंडला जाऊ नका, जत्रा असते. सुरुवात पंचवीस यार्डांवर. टरेटवर पाव एमओए (एमओए हे कोनाचं माप) लिहिलेलं असतं, म्हणजे शंभर यार्डांवर एक क्लिक सुमारे पाव इंच. पंचवीसवर त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे तिथे एक इंच सरकवायला सोळा क्लिक, चार नाही! इथे भले भले इंजिनिअर गडबडतात. बाणावर "अप" लिहिलंय त्याचा अर्थ गोळी वर जाईल. थ्री-ओ-एट काडतुसाची रायफल पंचवीसवर बरोबर मध्ये लागली तर शंभरला साधारण दोन-अडीच इंच वर लागते, कारण स्कोप नळीच्या दीड इंच वर बसलेला असतो आणि गोळी खालून वर येत त्या रेषेला छेदते. मग शंभरवर जा. एक गोळी मारून टरेट फिरवू नका, तीन मारा, तिघींचा मध्य बघा आणि तो हलवा. बॅरल हाताला गरम लागलं की थांबा, चहा-कॉफी घ्या, पातळ हंटिंग बॅरल तापलं की गोळ्या पसरायला लागतात आणि तुम्ही नसलेला दोष दुरुस्त करत बसता. मी थ्री-ओ-एटला शंभरवर दीड इंच वर ठेवतो, मग दोनशे यार्डांपर्यंत नेम खालीवर करायची गरजच पडत नाही, हरणाच्या हृदय-फुप्फुसांचा भाग आठेक इंचांचा असतो त्यात ते बसतं. आणि ज्या काडतुसाने झिरो केलं त्याच डब्यातलं सीझनला. १५० ग्रेन वजनाच्या गोळीने लावून १८० ग्रेनची घेऊन गेलात तर ती वेगळी रायफल समजा.

सीझनच्या दिवशी स्कोप कायम सर्वात कमी पटीवर. हरीण लांब दिसलं तर पट वाढवायला वेळ मिळतो, जवळ दिसलं तर कमी करायला मिळत नाही. रात्री रायफल केबिनमध्ये हीटरजवळ आणू नका, थंड काचेवर लगेच दव धरतं, रिकामी करून बाहेर कुलपात, गाडीच्या ट्रंकमध्ये वगैरे ठेवलेली बरी. सकाळी खांद्याला लावताना श्वास आयपीसवर सोडला की तेच, तोंडाने नाही नाकाने आणि तोही बाजूला. बाहेरून धरलेलं दव पुसता येतं, आत धरलेलं दिसलं तर सील गेलं समजा आणि कंपनीकडे पाठवा. काच शर्टाच्या टोकाने पुसू नका, आधी ब्रशने धूळ, मग लेन्सचं कापड.

जुना स्कोप घ्यावा का, हे पण विचारतात. घ्यावा, खुशाल. व्हॉर्टेक्स आणि ल्युपोल्डची वॉरंटी स्कोपबरोबर चालते, पहिल्या मालकाची पावती मागत नाहीत. फक्त नळीवर रिंगांचे खोल वळ आहेत का ते बोट फिरवून बघा, टरेट दोन्ही बाजूंना फिरवून क्लिक नीट ऐकू येतात का बघा, आणि आत टॉर्च मारून काळ्या रंगाचे कपचे उडालेले दिसले तर नको म्हणा. ल्युपोल्डचा नकली माल बाजारात बराच फिरतो, तीनशेचा स्कोप कोणी नवाकोरा म्हणून ऐंशीला देत असेल तर सिरीयल नंबर कंपनीला फोन करून विचारा, सांगतात ते.